विश्लेषण : कीटकनाशकाचा नमुना घेतला, पुढे त्याचे काय होते?

खरीप सुरू झाला की जळगाव आणि धुळ्याच्या पानांवर एक बातमी ठरलेली असते. भरारी पथकाने कृषी सेवा केंद्रांची तपासणी केली, काहींना विक्री बंद आदेश दिले, कीटकनाशकांचे नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवले. बातमी तिथेच संपते. अहवाल काय आला, कधी आला आणि ज्या बॅचचा तो नमुना होता त्या बॅचच्या बाकीच्या बाटल्या कुठे गेल्या, हे वाचायला क्वचितच मिळते. कापसावर मावा-तुडतुडे दिसले की शेतकऱ्याला त्याच दिवशी दुकान गाठावे लागते. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी तो थांबू शकत नाही. तपासणीची सारी यंत्रणा याच ठिकाणी मागे पडते. ती कशी चालते आणि कुठे अडते, ते पाहू.

कायदा कोणता आणि तो आला कुठून?

कीटकनाशकांचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्रीय कायदा १९६८ चा आहे. त्याखालचे नियम १९७१ चे. या कायद्याच्या मुळाशी शेत नव्हते, स्वयंपाकघर होते. १९५८ मध्ये केरळात विषारी पिठातून शंभराहून अधिक माणसे दगावली. गव्हाची पोती आणि पॅराथिऑन या कीटकनाशकाचे डबे एकाच जहाजातून आले होते, वाटेत विष पोत्यांत झिरपले. त्या चौकशीनंतर दहा वर्षांनी कायदा झाला. नवे विधेयक २००८ मध्ये आले, पुन्हा २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले, तरी व्यवहार आजही जुन्याच कायद्यावर चालतो.

या कायद्याची रचना सोपी आहे. कोणतेही कीटकनाशक आधी केंद्राच्या नोंदणी समितीकडे नोंदवावे लागते. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचे हे तिथे ठरते आणि तेच लेबलवर छापावे लागते. त्यानंतर कारखान्याला परवाना, दुकानाला परवाना. म्हणजे नोंदणी केंद्राची आणि दुकानावर नजर राज्याची.

दुकानात येणारा निरीक्षक कोण?

सरकारी भाषेत तो ‘कीटकनाशक निरीक्षक’ किंवा ‘गुणनियंत्रण निरीक्षक’. प्रत्यक्षात मात्र तो बहुतेक वेळा तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचा कृषी अधिकारी असतो. त्याच्याकडे पीक पाहणी, योजना, पंचनामे, अनुदानाच्या याद्या अशी दहा कामे असतात, त्यात हे अकरावे. बियाणे आणि खतांची तपासणीही त्याच्याच गळ्यात. हंगामात जिल्हा आणि तालुका पातळीवर भरारी पथके नेमली जातात, पण त्यांतही हीच माणसे असतात. विक्रीचा परवाना देण्याचा, निलंबित करण्याचा अधिकार जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे असतो.

नियमाप्रमाणे निरीक्षकाने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक विक्री केंद्राची वर्षातून किमान तीनदा तपासणी करायची असते. कोणी लेखी तक्रार दिली तर तिची चौकशी करणे हेही त्याच्या कर्तव्यांत नमूद आहे. ‘लेखी’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तपासणीत तो काय पाहतो? परवाना दर्शनी भागात लावला आहे का, साठा रजिस्टर आणि प्रत्यक्ष साठा जुळतो का, ज्या कंपनीचा माल विकला जातो तिचे प्रिन्सिपल सर्टिफिकेट परवान्यात नोंदवले आहे का, बिलबुक बरोबर आहे का. मुदत संपलेला माल वेगळा, ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावून ठेवला आहे का, हेही तो पाहतो. बातमीत ज्या ‘त्रुटी आढळल्या’ म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच अशा कागदाच्या असतात. बाटलीत काय आहे हे कागदावरून कळत नाही, त्यासाठी नमुना लागतो.

नमुना कसा घेतात?

निरीक्षक बाटली उचलून घेऊन जातो, असा समज आहे. तसे नाही. नमुन्याची योग्य किंमत दुकानदाराला देऊ करावी लागते. नमुन्याचे तीन भाग होतात. छोट्या बाटल्या असतील तर एकाच बॅचच्या तीन बाटल्या घेतात. तिन्हींवर दुकानदारासमोर सील लागते. एक भाग दुकानदाराकडे राहतो, एक प्रयोगशाळेकडे जातो आणि एक उद्या खटला झालाच तर न्यायालयासाठी राखून ठेवला जातो.

ही तीन भागांची पद्धत दोन्ही बाजूंच्या संरक्षणासाठी आहे. पुढे वाद झाला तर न्यायालय आपल्याकडचा भाग फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवू शकते आणि तिथला अहवाल अंतिम ठरतो. सील नीट नसणे, पंचनाम्यात बॅच क्रमांक चुकणे, नमुना पाठवायला उशीर होणे, अशा एकेका चुकीवर आख्खी कारवाई पडू शकते. म्हणून अनुभवी निरीक्षक नमुना घेताना घाई करत नाही, दुकानदाराला कितीही घाई असली तरी.

राज्याच्या कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळा पुणे, ठाणे, अमरावती अशा ठिकाणी आहेत. चोपड्याच्या किंवा शिंदखेड्याच्या दुकानातला नमुना जिल्ह्याबाहेरच जातो. तिथे मुख्यतः पाहतात ते हे, की लेबलवर जो क्रियाशील घटक जितके टक्के लिहिला आहे तो तितका आहे का, आणि औषध पाण्यात मिसळल्यावर नीट राहते का. या औषधाने अळी मेली की नाही, हे प्रयोगशाळा सांगत नाही. ‘औषध मारले पण फरक पडला नाही’ ही शेतकऱ्याची तक्रार आणि ‘नमुना प्रमाणित’ हा अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात. किडीत प्रतिकारशक्ती आली असेल, पाऊस आला असेल, मात्रा चुकली असेल.

तीस दिवसांचे गणित काय आहे?

प्रयोगशाळेने अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो. पूर्वी ही मुदत ६० दिवस होती, २००० च्या दुरुस्तीने ती निम्मी झाली. दुसरीकडे, संशय वाटल्यास निरीक्षक एखाद्या मालाची विक्री थांबवू शकतो, पण जास्तीत जास्त ३० दिवस. दोन्ही मुदती सारख्याच असल्याने अहवाल थोडा जरी लांबला तरी विक्री बंद आदेश आधी संपतो.

तेही आदेश दिला असेल तर. नेहमीच्या तपासणीत सहज घेतलेल्या नमुन्याबाबत संशयाचे कारण नसते, त्यामुळे विक्री चालूच राहते. समजा, पारोळ्याच्या एका दुकानातून २० जुलैला नमुना घेतला. तो प्रयोगशाळेत पोहोचला, अहवाल वेळेत आला असे धरू. तरी ऑगस्टचा शेवट आला. जूनच्या सुरुवातीला लावलेल्या बागायती कापसाला तोवर पाते-फुले लागून बोंडे धरायला लागलेली असतात. रस शोषणाऱ्या किडींसाठीच्या दोन-तीन फवारण्या उरकलेल्या असतात. त्या बॅचचा माल दुकानातून केव्हाच गेलेला असतो. अहवालात ‘अप्रमाणित’ आले, तर नोटीस निघते, खुलासा मागवला जातो. माल मात्र फवारून झालेला असतो.

याचा अर्थ नमुने निरुपयोगी असा नाही. एकाच कंपनीचे नमुने वारंवार नापास झाले तर तिच्यावर पुढच्या हंगामात कारवाई करता येते, इतर जिल्ह्यांना त्या बॅचबद्दल कळवता येते. पण बाजारातून माल परत मागवण्याची जी सवय औषधांच्या किंवा गाड्यांच्या बाबतीत दिसते, ती इथे रुजलेली नाही. ज्याच्या शेतात ती बाटली गेली, त्याला ‘तुमची बॅच नापास झाली’ असा साधा मोबाइल संदेशही जात नाही. वास्तविक दुकानदाराच्या बिलबुकात गिऱ्हाइकाचे नाव असते.

अप्रमाणित निघाले तर शिक्षा कुणाला?

पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड १५ हजार ते ७५ हजार. खटला भरायला राज्य सरकारची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी संमती लागते. अहवालाला आव्हान द्यायचे असेल तर दुकानदाराने तो मिळाल्यापासून २८ दिवसांत कळवायचे.

कायद्यात दुकानदारासाठी एक बचाव ठेवला आहे. माल परवानाधारक कंपनीकडून किंवा विक्रेत्याकडून घेतला, दोष त्याला नेहमीची काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता आणि माल नीट साठवून आला तसाच विकला, एवढे सिद्ध झाले तर तो सुटतो. हे योग्यच आहे. सीलबंद बाटलीच्या आत काय आहे हे यावलच्या दुकानदाराला कसे कळणार? पण मग बोट कंपनीकडे वळते. कंपनी परराज्यातली असली की निरीक्षकाचा पत्रव्यवहार सुरू होतो.

त्यात आणखी एक मेख आहे. हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये खटला रद्द होणे योग्य ठरवले. कारण तक्रार न्यायालयात आली तोवर औषधाची वापरण्याची मुदतच संपली होती आणि आरोपीला फेरतपासणी मागण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो निरर्थक झाला होता. बाटलीवरची अंतिम तारीख बहुधा उत्पादनापासून दोन वर्षांच्या आसपास असते. दुकानात पोहोचेपर्यंत त्यातले काही महिने गेलेले असतात. संमती, पत्रव्यवहार, कागदपत्रे यांत उरलेले महिने गेले की आरोपीला काहीच करावे लागत नाही.

राज्य सरकारने २०२३ मध्ये बोगस बियाणे, खते आणि कीटकनाशके यांविरुद्ध कडक शिक्षेची आणि शेतकऱ्याला भरपाई देण्याची विधेयके आणली. विक्रेत्यांनी त्याला विरोध करत नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला तीन दिवस दुकाने बंद ठेवली. सीलबंद मालासाठी आम्हाला गुन्हेगार ठरवू नका, हा त्यांचा मुद्दा होता. तो चुकीचा नव्हता, पण भरपाईचा प्रश्नही तितकाच खरा होता. कारण १९६८ च्या कायद्यात कैद आहे, दंड आहे, शेतकऱ्याच्या बुडालेल्या हंगामाबद्दल एक ओळही नाही.

यवतमाळमध्ये काय घडले आणि खान्देशाशी त्याचा काय संबंध?

२०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता, हवा दमट होती, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी चालू होती आणि अंगावर ना मास्क ना हातमोजे. दगावलेले बहुतेक जण अशाच फवारणीनंतर आजारी पडले. त्यामुळे बाजारात काय विकले जाते, कोण कशाची शिफारस करतो, लेबल कोण वाचतो, या सगळ्यावर प्रश्नचिन्ह लागले.

राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली : मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन हे मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड हे मिश्रण. पण राज्याचा अधिकार ६० दिवसांपुरता. कायमची बंदी केंद्राच्या हातात. शिवाय बंदी आली ती नोव्हेंबरमध्ये, म्हणजे मुख्य फवारण्या होऊन गेल्यावर. आणि ती पाच जिल्ह्यांपुरती होती : यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम, बुलढाणा.

बुलढाण्याची हद्द मलकापूरच्या पुढे संपते आणि मुक्ताईनगर सुरू होते. त्याच महामार्गावर, त्याच काळ्या जमिनीत, तोच कापूस. मलकापूरला विकायला बंदी असलेली बाटली मुक्ताईनगरच्या दुकानात कायद्याने विकता येत होती. उत्तरेला बऱ्हाणपूर आणि सेंधव्याच्या बाजूने मध्य प्रदेश लागून आहे. तिथे आपल्या निरीक्षकाचा अधिकार नाही, पण आपला शेतकरी तिथून माल आणू शकतो, आणतोही.

या पाचांतल्या मोनोक्रोटोफॉसवर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, जुना साठा संपवायला मुदत देऊन. भाजीपाल्यावर ते वापरायला बंदी २००५ पासूनच होती. म्हणजे अनेक वर्षे एकाच बाटलीचा वापर कपाशीवर कायदेशीर आणि शेजारच्या वांग्यावर बेकायदा होता. हे दुकानदार विचारत नव्हता आणि निरीक्षक शेतात जाऊन पाहत नव्हता.

‘जैविक’ आणि ‘टॉनिक’ बाटल्यांचे काय?

खान्देशातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकांच्या शेजारी एक दुसरे कपाट असते. त्यात टॉनिक, फुलवाढीचे, हिरवेपणाचे, ‘शंभर टक्के जैविक’ अशा बाटल्या. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, या बाटल्यांचा खप मोठा. त्यांतल्या जैवउत्तेजकांना कोणताच कायदा लागू नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने त्यांना खत नियंत्रण आदेशाखाली आणले आणि कंपन्यांना तात्पुरती नोंदणी दिली. ती मुदत वाढत वाढत अखेर जून २०२५ मध्ये संपली. आता अधिसूचित यादीत असलेली उत्पादनेच विकता येतात.

निरीक्षकासाठी अवघड भाग वेगळा आहे. ‘जैविक’ लिहिलेल्या बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असेल, तर शेतकऱ्याला ते औषध फार आवडते, कारण अळी लगेच मरते. तक्रार येतच नाही. कायद्याने नोंदणीत नसलेला पदार्थ मिसळणे हाही गुन्हाच आहे, पण प्रयोगशाळेने तो शोधायचा तर कशासाठी तपासायचे हे आधी ठरवावे लागते. लेबलवर नीम लिहिले असेल तर नीम मोजला जातो. अशी बाटली सर्वांत धोकादायक, कारण फवारणाऱ्याला वाटते की हे निरुपद्रवी आहे आणि तो उघड्या अंगाने फवारतो.

मोबाइलवरून मागवलेल्या बाटलीची तपासणी कोण करणार?

नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारक विक्रेत्याला ऑनलाइन बाजारातूनही कीटकनाशक विकता येते. विकणाऱ्याचा परवाना खरा आहे का, हे तपासण्याची जबाबदारी त्या ऑनलाइन कंपनीवर टाकली आहे. धरणगावच्या शेतकऱ्याच्या घरी कुरिअरने आलेली बाटली तालुक्याच्या निरीक्षकाला दिसतच नाही. नमुना घ्यायचा तर तो दुकानातून घेतात, इथे दुकानच दुसऱ्या राज्यात असते. स्वस्त पडते हे खरे, पण बाटली आल्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक बिलावर आहे का ते आधी पाहावे. नसेल तर सील न फोडता परत पाठवावी.

शेतकऱ्याच्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट पक्के बिल. कीटकनाशकाची प्रत्येक विक्री बिलावरच व्हावी, असे नियमच सांगतो. तो दुकानदाराचा उपकार नाही. त्यावर औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. उधारीवर घेतल्यास तर नक्की हवे. अडचण अशी, की उधारीवरच्या गिऱ्हाइकालाच बिल मागायचा संकोच होतो, आणि खान्देशात बहुतांश खरेदी कापूस विकल्यावर देण्याच्या बोलीवर चालते.

दुसरी, बाटली आणि माहितीपत्रक पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. बाटलीवरचा चौकोन पाहावा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे.

तिसरी, संशय आला तर तक्रार लेखी द्यावी, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा कागद होत नाही. शक्य असल्यास त्याच बॅचची न उघडलेली बाटली दुकानात आहे तोवर द्यावी, कारण उघडलेल्या बाटलीचा नमुना न्यायालयात टिकत नाही. तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, तिच्यात कृषी अधिकाऱ्यांबरोबर विद्यापीठाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ असतात. त्यांच्या पाहणीचा अहवाल पुढे ग्राहक आयोगात कामी येतो. बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे.

आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो, त्याचे?

वरचे सगळे उपाय बिल ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी आहेत. प्रत्यक्ष फवारणी अनेकदा सालदार करतो, किंवा चोपडा, शिरपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याहून रोजाने आलेला मजूर. त्याने बाटली विकत घेतलेली नसते, लेबल पाहिलेले नसते. बादलीत आधीच मिसळलेले पाणी तो पंपात ओततो. तो ग्राहक नाही, तक्रारदार नाही, आणि तपासणीच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये त्याचे नाव येत नाही.

कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते. अशी माहिती वेळच्या वेळी कृषी विभागापर्यंत आली, तर कोणत्या औषधाचा नमुना आधी घ्यायचा हे निरीक्षकाला दुकानात जाण्यापूर्वीच कळेल. यवतमाळमध्ये आकडे वाढेपर्यंत दवाखाना आणि कृषी कार्यालय एकमेकांशी बोलत नव्हते.

फवारताना मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ सुटणे असे काही झाले तर काम थांबवून, कपडे बदलून, साबणाने अंग धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि सोबत रिकामी बाटली न्यावी. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट यांवर अ‍ॅट्रोपिन देतात. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिलवर तसा खास उतारा नाही, तिथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधे एकत्र केली असतील तर सगळ्या बाटल्या न्याव्यात. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि मजुराला औषधाचे नाव माहीत नसते.